मांडवाबाहेर गेलेलं गाणं

ऊन मांडवाच्या कापडावरून घसरत ओटीच्या पायरीशी आलं, तरी मोर्चा आला नव्हता.

जमुना मागच्या दारी तांदूळ निवडत बसली होती, पण तिची नजर रस्त्याकडे होती. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून ट्रक गेला की धूळ उठायची. धूळ उठली की तिची बोटं सुपात थांबायची, आणि धूळ बसली की पुन्हा फिरायला लागायची. आज तिच्या एकुलत्या लेकीची, वैजयंतीची हळद. अशा दिवशी आईला काळजी असावी ती भाकऱ्या पुरतील का याची, मटणाच्या रश्शात मीठ जास्त पडेल का याची. जमुनाला त्यातलं काही सुचत नव्हतं. तिच्या मनात दोनच गोष्टी होत्या. दगड येतील का, आणि सासूबाई गातील का.

दुसरी भीती पहिलीहून मोठी होती. दगडांसाठी नाक्यावर पोलिसांची जीप उभी होती. बयाबाईच्या गळ्याला कुठला बंदोबस्त लावणार?

बयाबाई ही तळवलीचीच नव्हे, खाडीकाठच्या साऱ्या गावांची धवलारीन. तिने धवला, म्हणजे हळदीचं मंगलगाणं, गायला की आगऱ्याच्या घरात नवरीला हळद लागायची. भटजीचं काम त्यानंतर. उंबराला हाक, जात्याला हाक, खाडीला हाक, गेलेल्या वाडवडिलांना हाक, आणि सगळे येऊन बसले असं तिने गाऊन सांगितलं की मग हळदीचं पहिलं बोट. किती घरच्या पोरी तिच्या सुरावर पाय ठेवून सासरी गेल्या होत्या. आणि ती आता स्वतःच्या नातीच्या हळदीला आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. कुणी बोलावलं तर मान हलवत होती, एवढंच.

सगळं घडलं होतं तेही गाण्यानंच.

माघात तिच्या दिराच्या, रामचंद्रकाकांच्या, नातवाचं लग्न झालं. दोन्हीकडच्या विहिणी सतरंजीवर समोरासमोर बसल्या. मांडवात विहिणींनी एकमेकींची यथेच्छ टिंगल करायची, हा हक्क जात्याइतका जुना. नवरीकडची मंडळी अंगाने सावळी. बयाबाईने पान गालात सरकवलं आणि जागच्या जागी गाणं जुळवलं:

पालमूरशी आली नवरी, अंधार परला दुपारचा
दिवा लावा गो सयांनो, चेहरा बगू द्या नवरीचा
डांबराचे पिपान न्हाली, साबू पुरंना अंगाला
वाटी वाटी वाटली हलद, हलद उठंना रंगाला

नव्या शहराच्या इमारती बांधायला पालमूरकडून तेलुगू मजूर आले होते. त्यांचा तळ गावाच्या वेशीबाहेरच पडला होता. काळं म्हणायचं तर पालमूरचं म्हणायचं, अशी वाईट खोड गावाच्या जिभेला तेव्हापासून लागली होती. मांडव हसून लोळला. समोरची विहीणही हसली. तिने बयाबाईच्या पडक्या दातांवर उलट कडवं टाकलं, मग दोघींनी एकाच तबकातलं पान खाल्लं आणि उठल्या. मांडवातलं मांडवात सरलं.

सरलं असतं. पण मस्कतहून सुट्टीवर आलेल्या विलासने, बयाबाईच्या धाकट्या मुलाने, टेपरेकॉर्डर मांडवाच्या खांबाला टांगून ठेवला होता. वाशीच्या एका कॅसेटवाल्याला ती टेप फार आवडली. त्याने तिच्यावर ढोलकी चढवली, खंजिरी चढवली. बघता बघता गाणं पानाच्या टपऱ्यांवर वाजायला लागलं, कांदा-बटाट्याच्या बाजारात वाजायला लागलं, कळंबोलीला लोखंड नेणाऱ्या ट्रकांतून वाजायला लागलं. मग गावातल्या पोरांनी सभा घेतली. जमिनी आमच्या गेल्या आणि कामं बाहेरच्यांना मिळाली, असा त्यांचा राग होता, आणि त्या रागात खोटं काही नव्हतं. पण सभा संपल्यावर त्यांनी टेम्पोवर भोंगा बांधला आणि तो मजुरांच्या तळासमोर नेऊन उभा केला.

त्या दिवशी तळावर हळद होती. बालम्मा नावाच्या बाईची मुलगी पाटावर बसली होती, अंगभर ओली हळद. आणि बाहेर भोंगा ओरडत होता, हलद उठंना रंगाला.

पोरगी पाटावरून उठली आणि तिने पिंपातलं पाणी डोक्यावर ओतून सगळी हळद धुऊन टाकली, असं लोक सांगत होते.

दुसऱ्या दिवशीपासून एकही मजूर कामावर चढला नाही. पंचायतीसमोर घोषणा झाल्या, वर्तमानपत्रात मथळा आला, त्याखाली बयाबाईचं नाव आलं. बयाबाईने जाहीर माफी मागावी, नाहीतर हळदीच्या दिवशी मांडवावर मोर्चा आणू, असं युनियनच्या पुढाऱ्याने भाषण केलं. गावच्या पुढाऱ्याने माफी मागाल तर वाळीत टाकू म्हणून भाषण केलं. जिला गाणं रचता येत होतं, तिला कुणी काही विचारलंच नाही.

"वयनी, चा देतेस?" विलास दारात उभा होता. "काका तापलेत. दादा बी तापलाय. तू चा घेऊन आलीस तर जरा गप बसतील."

जमुना चहा घेऊन ओटीवर आली. रामचंद्रकाका खुर्चीत बसले होते, काठी मांडीवर आडवी. तिचा नवरा गोवर्धन कठड्याला टेकून उभा होता. तो त्याच इमारतींवर रेती पुरवायचा.

"एक कागुद लिवायचा हाय, काका," गोवर्धन सांगत होता. "आयचा अंगठा घ्यायचा. आमच्या गान्याने कुनाचं मन दुखलं असंल तर माफ करा. संपलं."

"संपलं? तुज्या आयचा अंगठा सिमिट वाहनाऱ्यांसमोर?" काकांनी काठी आपटली. "तुना तुजी रेती दिसते, गोवर्धन. गावाचं नाक दिसत नाय."

"नाक ऱ्हावं म्हनून पोरीचं लगीन मोरू काय? सकाली व्याह्याचा निरोप आलाय कलंबोलीशी. दगड परनार असतील तर वरात आननार नाय म्हनतो. देवलान लगीन लावा म्हनतो."

"मग लावा देवलान!"

"आनि हलद?" जमुनाच्या तोंडून निघून गेलं. ओटीवर पुरुष बोलत असताना ती सहसा बोलत नसे. तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. "हलद बी देवलान लावायची? धवल्याबिगर?"

विलासने कपबशी उचलली आणि चहाकडे बघत तो हळूच म्हणाला, "चूक माजी हाय. टेप मी दिली. माफी मागायची तर मी मागतो."

"तू?" काका हसले. "त्या दिशी तर पोरांबरोबर भोंगा बांधायला तूच व्हतास."

"भोंगा बांधायला व्हतो. तलावर जायचं ठरलं, तवा उतरलो." विलासची मान खाली गेली. "मस्कतला मुकादम आमाला नावानं नाय बोलवत, काका. लाइनीत उभं करतो, शर्टाचा रंग बोलतो. ए पिवला, ए निला. मना ठावं हाय ते कसं लागतं. तरी मी गप ऱ्हायलो. पोरं दोस्त हायेत ना माजे."

गोवर्धनने भावाकडे पाहिलं. कालपर्यंत दोघे बोलत नव्हते. टेपवरूनच बिनसलं होतं. आता तो सरकला आणि त्याने कठड्यावर भावाला जागा करून दिली. काकांनी ते बघितलं. आपल्या बाजूचं माणूस कमी झालं हे त्यांना कळलं, आणि ते चहा न पिताच उठले.

"मागा माफी. हात जोरा, पाय धरा. मी माज्या ओटीवर बसतो. मटन पाठवू नका मना."

शेजारचं घर त्यांचंच. चार पावलांवर. तरी ते मोठ्या लांब गावाला निघाल्यासारखे गेले.

जमुना रिकाम्या कपबशा घेऊन आत आली आणि त्या तशाच ठेवून सासूच्या खोलीत गेली. वैजयंती आजीच्या पायाशी बसली होती. हिरवं लुगडं, हातात चुडा, आणि रडून नाक लाल झालेलं.

"जा, तोंड धू," जमुना तिला म्हणाली. "पाटावर बसायचंय. रडकी नवरी शोभते काय?"

वैजयंती गेली. जमुना दार लोटून जमिनीवर बसली.

"आय, उठताव ना? दिवे लागतील आता."

"मी गानार नाय." बयाबाई भिंतीशीच बोलली. "सुमित्राबाईला बोलवा घनसोलीची. तिना येतो धवला. अर्धा येतो, पन येतो."

"नातीची हलद अर्ध्या धवल्यानं लावायची?"

"माजं तोंड बाटलंय गो. पेपरान छापलंय. बयाबाईनं गरिबाला नागवं केलं असं छापलंय." तिचा आवाज चिरकला. "इहिनीचं गानं व्हतं ते. तू बी व्हतीस. तूच झील धरलीस माज्यामागं. गायलं, हसलं, सरलं. इहिनीचं गानं कोन मनाला लावून घेतं?"

बाहेर कुणीतरी मांडवाची दोरी ओढत होतं, कापड फडफडत होतं.

"मी घेतलेलं," जमुना म्हणाली.

बयाबाई वळली.

"मी या घरान आले, तवा तुमी हेच गायलेलाव, आय. हीच चाल, हेच बोल. डांबराचे पिपान न्हाली. तवा पालमूर नव्हतं. तवा उरन व्हतं. उरनशी आली नवरी." जमुनाला वाटलं होतं हे सांगताना राग येईल, रडू येईल. पण आवाज साधा निघाला, दळण कुठे ठेवलंय ते सांगावं तसा. "मिठागरावर वाढलेली पोर मी. उन्हानं रापलेली. सगला मांडव हसला. मी बी हसले, नवरीनं हसायचं असतं. मग इथं आल्यावर न्हानीत दार लावून चुलीतल्या राखेनं तोंड घासलं. सालटं गेली."

"तू कवा बोलली नाय."

"कुना बोलू? तुमी माया केलीत नंतर. बालंतपनात डोक्याशी बसून ऱ्हायलाव. मना वाटलं, इसरले. यंदा तुमी माघात तेच सुरू केलंत आनि माज्याच तोंडातून झील निघाली. निघाली बगा. मना पन हसू आलं. आता ती दुसरी हाय, मी नाय, म्हनून हसू आलं."

बयाबाईने हात पुढे केला आणि जमुनाच्या गालावर ठेवला. सुनेच्या गालाला सासूचा हात असा कितीतरी वर्षांत लागला नव्हता. हात कोरडा, सुकत घातलेल्या जाळ्यासारखा खरखरीत. ती काही बोलणार होती, तेवढ्यात बाहेरून विलासची हाक आली. हाक नव्हे, ओरडच.

"दादा! आले! तलावरचे आले!"

जमुना धावली. ओटीवरून तिने पाहिलं आणि प्रथम तिला काही कळलंच नाही. ना झेंडे, ना घोषणा, ना पुरुष. वीसेक बायका रस्त्यावरून रांगेत येत होत्या. सगळ्यांनी ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, नाकात दोन्ही बाजूंनी चमक्या, केसांत अबोली. कामावर जाताना डोक्यावर असते ती चुंबळ आज कुणाच्याच डोक्यावर नव्हती. त्या मांडवापर्यंत आल्या आणि पहिल्या खांबाशी थांबल्या. जिथे शेणाचा सडा सुरू होत होता, त्याच्या अलीकडे. पाऊल आत टाकलं नाही.

गोवर्धन पुढे झाला. दोन्ही हात जोडलेले. "बाई, आज पोरीची हलद हाय. काय बोलायचं ते उद्या बोला. मी कागुद द्यायला तयार हाय."

सगळ्यांत पुढे उभी असलेली बाई उंच होती, कपाळावर मोठं कुंकू. तिने गोवर्धनला बाजूला सारल्यासारखं केलं. हाताने नव्हे, नजरेने.

"कागद युनियनवाला मांगता. मेरे को कागद नको," ती म्हणाली. "मय बालम्मा. गानेवाली आजी कुटं हाय?"

"ती... तिची तब्येत बरी नाय."

"गाली देताना बरी होती?"

मागच्या बायकांत हसण्याची एक बारीक लाट गेली. नाक्यावरचा हवालदार जीपमधून उतरून लांबूनच बघत होता. जमुना पायऱ्या उतरली. नवरीची आई म्हणून हा मांडव तिचा होता. ती सरळ बालम्मासमोर गेली आणि वाकली, तिचे पाय धरायला.

बालम्मा झटकन मागे सरली. "पाय नको! पाय कायको पकडते? तू गाया क्या?"

"झील मी धरलेली," जमुना म्हणाली.

बालम्माने तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या रापलेल्या हातांकडे, तिच्या चेहऱ्याकडे. मग तिचा आवाज थोडा खाली आला.

"सुन बाई. आमच्यात बी शादीला बायका गाली गाते. व्याहीला गाते, व्याहीनला गाते. लई घान गाते, तुमच्यापेक्षा घान. पन कोनाला गाते? सोयऱ्याला. रस्त्यावरच्या मानसाला कोन गाते?" तिने बोट मांडवाकडे केलं. "तुमी आमाला गाली दिली मांडवात बसून. तर सांगा, आमी तुमचे कोन? सोयरे असू तर आमचा जवाब बाकी हाय. सोयरे नाय तर..." ती थांबली. "तर मग ती गाली नाय. मग दुसरंच काय ते. मग मोर्चाच येईल."

जमुनाच्या छातीवरचा धोंडा कुणीतरी बोटभर उचलला. एवढंच मागत होत्या या? की हे एवढंसं नव्हतंच, सगळ्या भाषणांत मिळून कुणी मागितलं नव्हतं असं काहीतरी मोठं होतं? विचार करायला वेळ नव्हता. ती आत गेली, कुंकवाचा करंडा आणि अक्षतांची वाटी घेऊन आली. तिने बालम्माच्या कपाळावरच्या कुंकवावर आपलं कुंकू टेकवलं, हातात अक्षता दिल्या, आणि आगऱ्याच्या घरात वरपक्षाला बोलावतात त्या शब्दांत म्हणाली, "मांडव तुमचा हाय, आत या."

"जमुना!" गोवर्धन कुजबुजला. "गाव काय बोलंल?"

"गावाला सांगा, नवरीच्या आयनं बोलावलं."

विलास तोपर्यंत सतरंजी घेऊन धावला होता. त्याने ती वरपक्षाच्या बाजूला अंथरली, चारही टोकं ताणून, एक सुरकुती राहू न देता. बायका सडा ओलांडून आत आल्या आणि बसल्या. आता समोरची सतरंजी रिकामी होती.

जमुना आत जायला वळली, आणि दारात बयाबाई उभी होती. पदर डोक्यावर, हातात काठी नाही. तिने सगळं ऐकलं होतं. कुणाचा हात न धरता ती पायऱ्या उतरली, समोरच्या सतरंजीवर येऊन बसली, आणि विहिणीने टोमणे ऐकताना बसायचं तसं मान खाली घालून दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"गा बाय," ती म्हणाली. "मी ऐकते."

बालम्माने टाळी दिली. बायकांनी गाणं धरलं. तेलुगूतलं गाणं, भराभर पळणारं, प्रत्येक ओळीच्या शेवटी टाळीचा फटका. शब्द कळत नव्हते, पण गाण्याचं नाक वर होतं, कमरेवर हात होता, हे त्याच्या चालीवरून लहान पोरालाही कळलं असतं. एक कडवं झालं की बालम्मा थांबायची आणि अर्थ सांगायची.

"बोलते, ही म्हातारी खाऱ्या पान्याची. हिच्या बरातीत मानूस कमी, मांजर जास्ती."

हसावं की नाही हे कुणाला कळेना. मग तोवर पाटावर येऊन बसलेल्या वैजयंतीच्या तोंडून एक फुस्स असा आवाज निघाला. तिने पदर तोंडात कोंबला.

"बोलते, हिचा दात कुटं गेला? सुकी मच्छी चावायला गेली, मच्छीनेच ठेवून घेतला."

आता गावच्या बायका हसल्या. मागच्या दारी भाकऱ्या भाजणाऱ्या बायका पिठाच्या हातांनी ओटीच्या कोपऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या ओटीवरून रामचंद्रकाकांचा खोकला ऐकू येत होता. गाणं सुरू झालं की तो थांबायचा, अर्थ सांगून झाला की पुन्हा सुरू व्हायचा.

"बोलते, हिचा मोठा लडका शेत दिला, फटफटी घेतला. आता फटफटीवर बसून शेत शोधत फिरतो."

विलास मोठ्याने हसला. गोवर्धनचा चेहरा क्षणभर कडू झाला. मग त्याने मिशीवरून हात फिरवला आणि तोही हसला, कुणी त्याची उघडी जखम नेमकी ओळखल्यासारखा.

शेवटचं कडवं बायकांनी संथ म्हटलं. टाळी नव्हती. मग बालम्माने अर्थ सांगितला.

"बोलते... तुज्या शेतात घर आमी बांधतो. एक माळा, दुसरा माळा, चवथा माळा. तू खाली उभी राहून बगते, आमी वरून बगतो. घर पुरं झालं की त्यात ना तू राहनार, ना आमी राहनार."

जमुनाला वाटलं, आपल्या घराविषयी इतकं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं, ना काकांनी, ना भाषणांनी. तिने सासूकडे पाहिलं. बयाबाईचे खांदे हलत होते. रडतेय, असं वाटून जमुना पुढे झाली, तर म्हातारी हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पडक्या दातांची खिंड सगळ्यांना दिसत होती.

"जमुना, पान आन गो," ती म्हणाली. "माज्यापेक्षा भारी बसवलंय सटवीनं."

पानाचं तबक आलं. रीत अशी, की जिच्यावर गाणं झालं तिने आपल्या हाताने पान द्यायचं. बयाबाईने विडा उचलला, पण दिला नाही, हातातच धरून ठेवला.

"एक बोलायचं हाय. मांजराचं गा, दाताचं गा, शेताचं बी गा. पन नवरीच्या हलदीवर बोलू नये. ती उघडी बसलेली असते पाटावर. मी बोलले. तुज्या पोरीच्या आदी बी एकीला बोलले." तिने जमुनाकडे पाहिलं नाही, बघायची गरज नव्हती. "ते गानं मी आता कुटंच गानार नाय. टेपा परत गोला करता येत नायत, त्येचं मी काय करू मना ठावं नाय. पन माज्या तोंडातून नाय." मग सतरंजीवरच्या बायकांकडे बघत ती म्हणाली, "तुजी पोर आली नाय?"

"सासरी गेली. पालमूरला." बालम्माने सतरंजीची कड बोटाने सरळ केली. "तिला सांगेन. ऐकेल की नाय, मालूम नाही."

"हां," बयाबाई म्हणाली. "तिनं ऐकायलाच पायजे असं कुटं हाय."

बालम्माने पुढे होऊन विडा घेतला आणि तोंडात टाकला. "युनियनवाला उद्या मेरे को गाली देगा," ती चावता चावता म्हणाली. "बोलेगा, इतना बडा मोर्चा, और तू पान खाके आई."

"त्येला बी घेऊन ये," विलास म्हणाला. "त्येच्यावर पन एक कडवं बसवू."

हसण्याचा असा लोट उठला की नाक्यावरचा हवालदार जीपला टेकून बिडी पेटवायला मोकळा झाला. गोवर्धनने एकाला सायकलवर पिटाळलं, कळंबोलीला फोन लावायला: वरात वाजत गाजत आणा म्हणावं, दगड-बिगड काही नाही. बायकांनी हळदीची वाटी पाटाशी आणली. दिवे लागले. वैजयंती पाय जुळवून बसली, आणि बयाबाईने खाकरून पहिला सूर लावला.

सूर फाटला. इतके दिवस कोंडलेला गळा. आवाज अर्ध्यावर येऊन बसला.

"बस?" बालम्मा ओरडली. "म्हातारी खल्लास?"

"थांब गो, पालमूरकारनी! पानातला चुना लागला मना."

आणि मग तो आवाज आला. आधी जाड, मग ओला, मग सरळ, खाडीवर भरती चढते तसा न घाई करता. उंबराला हाक गेली. जात्याला हाक गेली. चाल तीन स्वरांची, सोपी; दुसऱ्या फेरीला सतरंजीवरच्या तेलुगू बायका गुणगुणायला लागल्या, तिसऱ्या फेरीला त्यांनी शब्दांशिवायच झील धरली.

जमुना खांबाला टेकून ऐकत होती. एकदम तिच्या पोटात काहीतरी कुरतडायला लागलं. आता कसली भीती, म्हणून ती दचकली. मग तिच्या ध्यानात आलं, ही भीती नव्हेच. भूक आहे. कालपासून तिने काही खाल्लंच नव्हतं.

ती कुणाला न सांगता मागच्या दारी आली. टोपलीतली वरची तांदळाची भाकरी अजून वाफाळत होती. तिने रश्शातली एक फोड त्यावर घेतली आणि चुलीशेजारी उकिडवं बसून मोठा घास तोडला. मीठ बरोबर पडलं होतं. डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाने की कशाने, तिने शोधलं नाही. दुसरा घास तोंडात होता तेव्हा मांडवातून सासूचा आवाज तिला शोधत आला:

उंबर आला, खाडी आली, पालमूरच्या सया आल्या
हलद वाट बगत बसली, नवरीच्या आयबाय कुटं गेल्या?

मांडव हसला. "जमुना, आता ये गो!" कुणीतरी ओरडलं.

"आले!" भरल्या तोंडाने जमुना ओरडली, आणि उरलेली भाकरी हातात तशीच घेऊन, बोटं चाटत, मांडवाकडे पळाली.